प्रकरण सातवे : ‘सगळं करून देतो’

१. अर्ध्या पानाचा कागद

‘कागदावर नीटसे काही लिहिलेले नाही, पैसे तर बरेचसे देऊन बसलो आहे, आणि आता कंत्राटदार म्हणतो की आणखी रक्कम हाती पडल्याशिवाय माणसे पाठवणार नाही, माझे काही चालेल का?’ हा प्रश्न घेऊन येणाऱ्या गृहस्थाच्या मनात सहसा दोन समजुती घर करून बसलेल्या असतात. पहिली अशी की करार मोघम असल्यामुळे तो मुळातच रद्दबातल आहे आणि आपले पैसे बुडाले. दुसरी अशी की तोच मजकूर स्टॅम्पपेपरावर लिहून घेतला असता तर हा प्रसंग ओढवला नसता. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

विवेचनाला आधार म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत, चाळीस वर्षांच्या वापराने फरशी दबलेली आणि बाथरूमच्या भिंती ओलावलेल्या अशा फ्लॅटचे काम एका सेवानिवृत्त गृहस्थांनी काढले. कंत्राटदाराने आपल्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या : ‘किचन, दोन बाथरूम, पूर्ण फ्लॅटची फरशी, गिलावा दुरुस्ती व रंगकाम, मटेरियलसकट, एकूण रुपये ६,५०,०००. काम चांगल्या प्रतीचे व लवकरात लवकर पूर्ण करून देऊ.’ खाली सही आणि तारीख. ‘यात सगळं आलं ना?’ असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘काका, काळजी करू नका, सगळं करून देतो.’ पाच महिन्यांनंतर स्थिती अशी, की काकांकडून ४,५०,००० रुपये गेले आहेत, एका बाथरूमला नळ नाहीत, रंगाचा पहिला हातही लागलेला नाही, आणि कंत्राटदाराने ‘एक्स्ट्रा’ या सदराखाली १,२०,००० रुपयांची मागणी पुढे ठेवली आहे.

या ‘सगळं’ शब्दात काकांनी गिझर, बाथरूमचे दरवाजे, विजेचे पॉइंट आणि जुनी फरशी उचलून नेणे हे सारे गृहीत धरले होते. कंत्राटदाराने त्याच शब्दात यांपैकी काहीच धरले नव्हते. दोघेही लबाड होते असे मानण्याचे कारण नाही. तपशील विचारला तर दर वाढेल असे मालकाला वाटते, तपशील सांगितला तर काम दुसऱ्याकडे जाईल असे कंत्राटदाराला वाटते, आणि अशा रीतीने झाकली मूठ दोघांनाही सव्वा लाखाची वाटत राहते. ती उघडते बिल आल्यावर.

२. मोघम म्हणजे रद्द नव्हे

१८७२ चा भारतीय संविदा अधिनियम, ज्याला जुनी वकीलमंडळी अजूनही नुसता करार कायदा म्हणतात, त्याला कागदाचा मुळीच आग्रह नाही. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजीखुशीने मान्यता दिली, तिच्यापाठीमागे मोबदला आहे आणि हेतू बेकायदेशीर नाही, एवढे असले की अशा कामाचा तोंडी करारदेखील करार ठरतो. स्टॅम्पपेपर हे सरकारी शुल्क भरल्याचे चिन्ह आहे. ते भरलेले नसेल तर दस्तऐवज पुराव्यात दाखल करताना शुल्क आणि दंड भरावा लागतो, म्हणून त्याची उपेक्षा करू नये, हे खरे. परंतु मोघम वाक्य पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर टंकलिखित केले तरी ते मोघमच राहते.

मग कायदा अस्पष्टतेविषयी काही म्हणतच नाही काय? म्हणतो, आणि त्याचे एकोणतिसावे कलम याच विषयाला वाहिलेले आहे. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही, किंवा निश्चित करता येण्याजोगाही नाही, तो रद्द, असा त्याचा आशय. वाचणारा पहिल्या अर्ध्या भागाने घाबरतो. वस्तुतः सारे महत्त्व दुसऱ्या भागाला आहे. कायदेकारांनी दिलेली उदाहरणेच पाहा. एकाने दुसऱ्याला ‘शंभर टन तेल’ विकण्याचे कबूल केले, परंतु कोणते तेल ते समजायला काहीच मार्ग नाही. हा करार रद्द. तोच विकणारा जर केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर त्याच शब्दांचा करार वैध, कारण त्याच्या धंद्यानेच कागदावरची उणीव भरून काढली. उलट ‘माझा पांढरा घोडा पाचशे रुपयांना किंवा हजार रुपयांना’ असे लिहिलेले असेल आणि दोहोंपैकी किंमत कोणती हे दाखवणारे काहीच नसेल, तर न्यायाधीशालाही मधली साडेसातशे ही किंमत ठरवण्याचा अधिकार नाही.

खोबरेल तेलाच्या जागी आपल्याकडचा एक शब्द घेऊन पाहू. वाळूचा ट्रक आणणाऱ्याच्या तोंडी एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि गिलावा करणाऱ्या गवंड्याच्या तोंडी तोच ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. कागदावर नुसते ‘पाच ब्रास’ लिहिलेले आढळले तर परक्याला तो अंक अर्थशून्य वाटेल. परंतु तो वाळूच्या पावतीवर आहे की गिलाव्याच्या बिलावर, एवढे कळताच शंका उरत नाही. आपल्या काकांचा कागद याच जातीचा आहे. ‘चांगल्या प्रतीचे’ या शब्दांची व्याख्या त्यात नाही, परंतु ज्या कंत्राटदाराने कामापूर्वी दुकानात नेऊन टाइल्सचा एक विशिष्ट नमुना पसंत करवून घेतला, त्याच्या दृष्टीने ‘चांगली प्रत’ कोणती हे त्या नमुन्याने ठरून गेले. याच कागदावर ‘थोडे फर्निचरही करून देऊ’ अशी ओळ असती, आणि कोणते, किती, कशाचे, कितीला हे कोठेच उमगत नसते, तर ती ओळ बहुधा गळाली असती. बाकीचा करार मात्र तिच्याबरोबर बुडाला नसता.

आणखी एक नियम. सगळ्या वाटा चोखाळूनही शब्दांचे दोन अर्थ सारखेच संभवत असतील, तर ज्याने ते शब्द लिहिले त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घेण्याकडे न्यायालयांचा कल असतो. लेटरहेड कंत्राटदाराचे होते, हे काकांनी विसरू नये. तथापि हा शेवटचा उपाय आहे, आणि त्याच्यावर विसंबून भांडणाला प्रारंभ करणे शहाणपणाचे नाही.

३. कागद जेथे गप्प असतो

‘लवकरात लवकर’ म्हणजे केव्हा? मुदत लिहिलेली नसेल तर काम वाजवी काळात पुरे व्हावे, असे कलम ४६ सांगते, आणि वाजवी काळ कोणता हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवर सोपवते. मुंबईतील एका गृहप्रकल्पाच्या करारात ताब्याची तारीखच नव्हती. त्या वादात, फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चरच्या २०१८ सालच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने परिस्थिती पाहून तीन वर्षे हा वाजवी काळ धरला. इमारतीला तीन वर्षे, तर दोन बाथरूम आणि फरशीला किती, याचे उत्तर त्याच भागात तसली कामे करणारे दोन-तीन कंत्राटदार लेखी कोटेशनमध्ये जी मुदत घालतात तिच्यावरून काढता येते.

परंतु वाजवी काळ उलटला म्हणून त्याच संध्याकाळी कंत्राटदाराला ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगता येते काय? येथे महाराष्ट्रातलाच एक जुना दावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९५५ साली नाशिक डाव्या कालव्याच्या दुसऱ्या मैलावर, आळंदी नदीवरून (ही नाशिक जिल्ह्यातली आळंदी नदी, पुणेकरांच्या इंद्रायणीकाठचे आळंदी गाव नव्हे) जलसेतू बांधण्याचे कंत्राट हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स या पेढीला मिळाले. मुदत बारा महिन्यांची होती. ती उलटली, काम अपुरे राहिले, आणि सरकारने कंत्राट रद्द केले. वाद चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागला १९७९ च्या जानेवारीत. न्यायालयाने म्हटले की ज्या करारात मुदतवाढीची तरतूद आहे आणि विलंबाबद्दल दंडाचीही आहे, त्या करारात मुदत हा प्राणभूत भाग होता असे म्हणता येत नाही. अशा वेळी सरकारने नवी वाजवी तारीख नेमून, तोपर्यंत काम पुरे करा अशी स्पष्ट सूचना द्यावयास हवी होती, आणि तशी न देता केलेले रद्दीकरण गैर होते. ज्या करारात बारा महिने असे चक्क लिहिले होते तेथे ही गत, तर ‘लवकरात लवकर’ लिहिलेल्या कागदाविषयी बोलायलाच नको. म्हणून काकांचे पहिले पत्र रद्द करण्याचे नसावे, नवी तारीख देण्याचे असावे : अमुक कामे उरली आहेत, अमुक दिवसांत ती पुरी करा, न केल्यास दुसऱ्याकडून करवून घेऊन येणारा जादा खर्च आपणाकडून वसूल करू.

दुसरे मौन ‘एक्स्ट्रा’विषयीचे, आणि बहुतेक तंट्यांचे मूळ तेच. ठरीव रकमेच्या कंत्राटात, मान्य केलेले काम पार पाडण्यासाठी जे करणे अटळ आहे ते सामान्यतः त्या रकमेतच आले असे धरतात. नवी फरशी घालायची तर जुनी उखडावी लागणारच, तिचे वेगळे बिल लावणे म्हणजे भाताच्या ताटात शितांचा निराळा हिशेब मांडणे होय. याउलट जे काम मूळ यादीत नव्हते, मालकाने मागाहून सांगितले, कंत्राटदाराने फुकट करण्याच्या हेतूने केले नाही आणि ज्याचा लाभ मालक आज घेत आहे, त्याचा वाजवी मोबदला लेखी करार नसतानाही कलम ७० अन्वये द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकारविरुद्ध बी. के. मंडल यांच्या प्रकरणात असाच प्रश्न होता. सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून १९४४ च्या सुमारास आरामबागला कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर असली बांधकामे झाली. विधिवत करार नव्हता म्हणून सरकार पैसे नाकारू लागले. आणि १९६१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की करार नसला तरी ज्याचा उपभोग घेतला त्याची भरपाई केली पाहिजे. तात्पर्य, ‘दिवाणखान्यात आणखी चार पॉइंट टाका’ असा निरोप काकांच्याच फोनवरून गेलेला असेल, तर ‘ते सगळ्यात धरलं होतं’ हा युक्तिवाद टिकणार नाही. मात्र काकांनी नको म्हटल्यावरही कंत्राटदाराने स्वतःच्या हौसेने नक्षीदार सिलिंग उभे केले असेल तर त्याचे पैसे मागण्याचा अधिकार त्याला पोचत नाही. या दोहोंच्या मधली जागा अवघड आहे : मालक रोज येऊन जादा काम पाहतो, हूं की चूं करीत नाही, आणि बिल आल्यावर तोंड उघडतो. हे मौन संमतीच्या फार जवळ जाऊन बसते.

४. आधी टेप, मग तोंड

माझ्या स्वतःच्या गच्चीवर घातलेल्या ब्रिकबॅट कोब्याबद्दल एका कंत्राटदाराशी मी दोन महिने वाद घातला, आणि त्या दोन महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून ‘तुम्ही म्हणाला होता’ हे शब्द किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही. शेवटी एका मित्राने टेप आणून गच्ची मोजली तेव्हा दिसले की तो बाराशे चौरस फुटांविषयी बोलत होता आणि मी हजाराविषयी, कारण कठड्याच्या आतल्या बाजूला भिंतीवर वर चढवलेला भाग मी धरलाच नव्हता. चूक माझी होती. तेव्हापासून मी असे मानतो की स्मरणशक्तीच्या जोरावर चालवलेला तंटा संपत नाही.

मोजण्यालाही नियम असतात. समजा एका भिंतीची लांबी १२ फूट, उंची १० फूट, दोन्ही बाजूंना गिलावा, आणि तिच्यात ४ फूट बाय ४ फुटांची एक खिडकी. कंत्राटदार म्हणतो, दोन बाजूंचे २४० चौरस फूट. मालक म्हणतो, खिडकीला कोठे गिलावा केला? दोन्ही बाजूंचे सोळा-सोळा वजा करा, २०८ होतात. बांधकामाच्या मोजमापासाठी भारतीय मानक १२०० या क्रमांकाचे एक मानक आहे. त्याप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट करायची नाही, आणि अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दरम्यानची असेल तर एकाच बाजूची करायची, कारण खिडकीच्या आतल्या कडांना गिलावा करण्याची मेहनत दुसऱ्या बाजूच्या न केलेल्या वजावटीत भरून निघते. सोळा चौरस फूट म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर. तेव्हा मोजमाप २२४ चौरस फूट. दर चौरस फुटाला ६० रुपये धरला तर कंत्राटदाराचे १४,४००, मालकाचे १२,४८० आणि मानकाचे १३,४४० रुपये. एका खिडकीमागे दोघेही ९६० रुपयांनी चुकत होते, आणि दोघेही प्रामाणिकपणे.

सार्वजनिक बांधकाम खाते मोजमाप पुस्तिका ठेवते आणि तिच्यातील नोंदीवरून बिल काढते, ती पद्धत घरगुती कामाला हलक्या स्वरूपात लागू करता येते. दोघांनाही मान्य असा एखादा इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट बोलवावा, त्याची फी निम्मीनिम्मी द्यावी, आणि दोघांच्या समक्ष खोली-खोलीने तीन याद्या कराव्यात : मूळ कामापैकी पुरे झालेले, सांगून करवलेले जादा, आणि सदोष. प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो घ्यावेत, कारण रंग लागल्यानंतर भिंतीतले काही दिसत नाही.

काकांच्या घरी अशी मोजणी झाली असे धरू. पुरे झालेल्या मूळ कामाची किंमत, साडेसहा लाखांच्या प्रमाणात, ४,१०,००० रुपये. मान्य झालेले जादा काम ३८,००० (१,२०,००० पैकी एवढेच). सदोष काम सुधारण्याचा खर्च २२,०००. कंत्राटदार आज निघून गेला तर त्याचे देणे ४,१०,००० अधिक ३८,००० उणे २२,०००, म्हणजे ४,२६,०००. त्याला पोचले ४,५०,०००. अर्थात त्यानेच २४,००० परत द्यायचे. तोच राहिला आणि दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून काम पुरे केले, तर एकूण ६,८८,००० पैकी मिळालेले वजा जाता त्याला आणखी २,३८,००० मिळतील. सव्वा लाखाची मागणी आणि ‘एक पै देणार नाही’ ही गर्जना यांच्यामधले अंतर एका दुपारच्या मोजणीने एवढे आकुंचन पावते, आणि कंत्राटदाराला निघून जाण्यापेक्षा राहण्यात लाभ आहे हेही त्याला आकड्यांतच दिसते.

नव्या तारखेची सूचना देऊनही तो परतलाच नाही, तर उरलेले २,४०,००० रुपयांचे काम दुसऱ्याने २,८०,००० ला केल्यास वरचे ४०,००० कलम ७३ खाली नुकसानभरपाई म्हणून मागता येतात. मात्र दुसऱ्याकडून तेच काम करून घेतले पाहिजे. मिळालेल्या संधीचा फायदा घेऊन साध्या टाइलच्या जागी इटालियन संगमरवर बसवायचा आणि फरक पहिल्याच्या माथी मारायचा, हे चालत नाही.

पुराव्याविषयी एवढेच, की व्हॉट्सॲपवरील संभाषण हा आज अशा तंट्यांतला प्रमुख दस्तऐवज झाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली ते दाखल करताना ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ फोन आणि मूळ संदेश जपावेत, नुसत्या चित्रांवर भिस्त ठेवू नये. रोख दिली असेल तर ‘आज इतके पोचले ना?’ असा साधा निरोप पाठवून ‘हो’ मिळवावे.

५. पंच कोठे शोधावेत

पेशवाईत पंचायत बसे तेव्हा वादी-प्रतिवादींच्या तकरिरी लिहून घेत आणि पंचांचा निवाडा मानू अशा अर्थाचा राजीनामा दोघांकडून आधीच लिहवून घेत. आज नोकरी सोडण्याच्या पत्रापुरता उरलेला तो शब्द मुळात राजी असल्याचा नामा होता. इंग्रजी अमलात दिवाणी कचेऱ्यांच्या खर्चाने लोक जेरीस आले, तेव्हा १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन करणारे सार्वजनिक काका, म्हणजेच गणेश वासुदेव जोशी, यांनी त्याच दशकात लवाद कोर्टाचा उपक्रम काढला. ते स्वतः वकील होते, ही गोष्ट मला फार विशेष वाटते.

आजही क्रम तोच असावा. मोजणी करणारा मान्यवर मनुष्य हा पहिला पंच. त्याने न भागल्यास शिवाजीनगरच्या न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच अर्ज करून प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील चालत नाही. मात्र दुसरा पक्ष आलाच पाहिजे. तो येत नसेल तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली तेव्हा या देशात असा आयोग नव्हता. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा आला १९८६ मध्ये. महारेराचा दरवाजा मात्र येथे ठोठावू नये. तो बिल्डरांसाठी आहे, दुरुस्तीच्या कंत्राटदारासाठी नव्हे. कंत्राटदाराला ग्राहक आयोगात जाता येत नाही; परंतु काम झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत दिवाणी दावा लावण्याची मुभा त्याला आहे, आणि मालकाने पैसे अडकवून ठेवताना हे लक्षात असू द्यावे.

तडजोड झाली तर ती मात्र मोघम लिहू नये. उरलेली कामे खोलीनिहाय, मालाचा ब्रँड व नमुना, प्रत्येक टप्प्याची तारीख आणि त्या टप्प्यावर द्यायची रक्कम, शेवटच्या बिलातून किती महिने किती रक्कम राखून ठेवायची, यापुढे जादा काम केवळ लेखी निरोपावरच, आणि जुन्या सर्व मागण्या मिटल्या असे दोघांच्या सहीचे वाक्य. एवढे सगळे लिहिल्यावरही एक बाब हमखास राहते ती राडारोड्याची. तो कोणी, केव्हा आणि कोठे न्यायचा हे लिहिलेले नसते, कंत्राटदार हिशेब चुकता करून निघून जातो, आणि पार्किंगमध्ये जिन्याखाली रचलेल्या फुटक्या फरशांच्या गोण्यांबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींचे पत्र काकांच्या नावाने येते.